अमेरिकेत ‘बार्बेक्यू’ म्हणजे नक्की काय? राज्य बदललं की मांस, लाकूड आणि सॉस का बदलतो?

मिसळीचा फोटो टाकला की कमेंटमध्ये कोल्हापूर, पुणे आणि नाशिकवाल्यांची कशी जुंपते, हे तुम्ही पाहिलं असेलच. अमेरिकेत हीच जुंपी बार्बेक्यूवरून होते. फरक इतकाच, की तिथे भांडण फक्त रश्शाच्या तिखटाचं नाही. प्राणी कोणता, त्याचा भाग कोणता, लाकूड कोणतं, सॉस घालायचा की नाही आणि घातलाच तर लाल, पिवळा, पांढरा की काळा, इथपर्यंत सगळंच वादात आहे.

शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या मराठी माणसाचा यात हमखास गोंधळ उडतो. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलातल्या शेगडीत खोचलेल्या सळया, त्यावर पनीर आणि चिकनचे तुकडे आठवतात. अमेरिकेच्या दक्षिणेत याला कुणी बार्बेक्यू म्हणणार नाही. त्यांच्या लेखी ते ‘ग्रिलिंग’.

ग्रिलिंग आणि बार्बेक्यू यांत फरक काय?

ग्रिलिंग म्हणजे थेट आचेवर, भरपूर उष्णतेत, काही मिनिटांत भाजणं. बार्बेक्यू याच्या उलट. विस्तव एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला किंवा निखाऱ्यांपासून बरंच वर, आणि तापमान साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सिअस. म्हणजे पाणी उकळतं त्याच्या थोडंसंच वर. अशा मंद धगीत आणि धुरात मांस तासन् तास राहतं. गाईच्या छातीकडचा भाग, म्हणजे ब्रिस्केट, शिजायला दहा-बारा तास सहज लागतात. अख्खं डुक्कर असेल तर रात्रभराचा जागर.

इतका वेळ का? कारण बार्बेक्यूसाठी निवडलेले भाग मुळात चिवट असतात. प्राण्याच्या ज्या स्नायूंना जास्त काम पडतं, त्यांत कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. झटपट भाजलं तर ते रबरासारखं लागतं. मंद आचेवर बराच वेळ ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस हाताने सुटतं. आपल्याकडे पायाचं सूप रात्रभर उकळतात, त्यामागचं तत्त्व हेच.

यात एक गंमतही आहे. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७० अंशांच्या आसपास पोहोचलं की ते कित्येक तास तिथेच अडकून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी बाष्प होऊन उडत असतं आणि घामाने अंग थंड व्हावं तसं मांस स्वतःला थंड करत राहतं. नवशिका इथे घाबरतो आणि आच वाढवतो. मुरलेला माणूस बसून राहतो, किंवा मांस कागदात गुंडाळून बाष्पीभवन रोखतो. या कामात मुरलेल्या माणसाला ‘पिटमास्टर’ म्हणतात. पिट म्हणजे भट्टी. पूर्वी ती जमिनीत खणलेला चर असायची, त्यावरून हे नाव पडलं.

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून, ‘बार्बाकोआ’ या रूपात स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ लाकडी माचाण. त्याच्यावर मांस ठेवून खालून धूर द्यायचा. दक्षिण टेक्सासमध्ये आजही गाईचं डोकं खड्ड्यात पुरून शिजवतात आणि त्या पदार्थाला ‘बार्बाकोआ’च म्हणतात.

मग प्रत्येक भागाचं वेगळं का?

उत्तर फारसं गूढ नाही. जे जनावर स्वस्त, ते भट्टीवर चढलं. जे झाड जवळ, ते जळलं. आणि जे लोक येऊन स्थायिक झाले, त्यांची चव सॉसमध्ये उतरली.

सुरुवात पूर्व किनाऱ्यावरून करू. नॉर्थ कॅरोलिना म्हणजे डुकराचा प्रदेश. जंगलात मोकाट सोडली तरी डुकरं पोसली जायची, त्यामुळे गोरगरिबांनाही परवडायची. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात, त्याचं सगळं मांस एकत्र बारीक चिरतात आणि वर व्हिनेगर व मिरचीचं पाणीदार मिश्रण शिंपडतात. टोमॅटोचा पत्ता नाही. एडन गावातलं ‘स्कायलाइट इन’ हे १९४७ पासूनचं हॉटेल याच पद्धतीचं. त्याच्या छपरावर थेट वॉशिंग्टनच्या संसद भवनासारखा घुमट बांधलेला आहे, म्हणजे राजधानी कुठली याबद्दल शंका नको.

पण त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला जा. इथे अख्ख्या डुकराऐवजी फक्त खांद्याचा भाग भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप मिसळतात. बस, एवढंच. त्या थोड्या केचपवरून एकाच राज्याचे दोन भाग पिढ्यान् पिढ्या एकमेकांना टोमणे मारत आले आहेत. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण मिसळीत फरसाण की शेव यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी हसू नये.

शेजारच्या साऊथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस दिसतो. तिथे स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांकडून तो आला असं मानलं जातं. अलाबामात चक्क पांढरा सॉस मिळतो. डिकेटर गावात १९२५ साली बिग बॉब गिब्सन यांनी सुरू केलेल्या हॉटेलातला हा मेयोनेज आणि व्हिनेगरचा सॉस. भट्टीतून काढलेली कोंबडी त्यात अख्खी बुडवतात.

मेम्फिस म्हणजे डुकराच्या बरगड्या. तिथे तुम्हाला विचारतात, ‘वेट’ की ‘ड्राय’? वेट म्हणजे सॉस लावलेल्या, ड्राय म्हणजे वरून कोरडा मसाला भुरभुरलेल्या. कोरडी पद्धत गाजवली ती एका ग्रीक कुटुंबाच्या ‘रॉन्देव्हू’ या हॉटेलाने. एका गल्लीतल्या तळघरात १९४८ साली ते सुरू झालं.

केंटकीमधलं ओवेन्सबरो मात्र सगळ्यांपासून फटकून आहे, आणि मराठी माणसाने त्याची खास नोंद घ्यावी, कारण तिथला राजा आहे मटण. एकोणिसाव्या शतकात या भागात लोकरीसाठी मेंढ्या पाळल्या जात. म्हाताऱ्या झालेल्या मेंढीचं उग्र, चिवट मांस खाण्याजोगं करायचं तर तासन् तास धुरात ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. सोबत वूस्टरशायर सॉसचं काळं, आंबट पाणी देतात. फक्त लक्षात ठेवा, हे मेंढीचं मटण. आपल्यासारखं बोकडाचं हवं असेल तर अमेरिकेत ‘गोट’ असं स्पष्ट विचारावं लागतं.

टेक्सास: सॉस मागू नका

टेक्सास हा गुरांचा मुलूख, त्यामुळे इथे गोमांस. मध्य टेक्सासमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरित खाटीक आले. दिवसभरात न विकलं गेलेलं मांस टिकवण्यासाठी ते धुरावर ठेवत, उरल्यासुरल्या तुकड्यांचे सॉसेज करत. शेतावर काम करणारे मजूर येऊन ते तिथेच, खाटकाच्या कागदावर ठेवून, हाताने खात. आज मोठमोठ्या शहरांतली फॅशनेबल हॉटेलं बार्बेक्यू खाकी कागदावर वाढतात ना, त्याचं मूळ इथे आहे. तो देखावा नव्हता. ताटच नव्हतं.

मसाला मीठ आणि मिरे. लाकूड पोस्ट ओक. सॉस मागितला तर अनेक जुन्या ठिकाणी भुवया उंचावत, कारण मांसच चांगलं असेल तर ते झाकायचं कशाला, असा त्यांचा सवाल. लॉकहार्ट या छोट्या गावातल्या ‘क्रॉइट्झ मार्केट’मध्ये अनेक दशकं सॉसही नव्हता आणि काटाही नव्हता.

याच ‘क्रॉइट्झ’ची गोष्ट एखाद्या मालिकेत शोभेल. दुकान १९०० सालचं. पुढे ते श्मिट कुटुंबाकडे आलं. वडिलांनी जाताना धंदा मुलांच्या नावे केला आणि इमारत मुलीच्या. भावाबहिणीचं भाडेपट्ट्यावरून बिनसलं. १९९९ मध्ये भावाने त्याच गावात नवी, भलीमोठी जागा बांधली आणि जुन्या भट्टीतले धगधगते निखारे लोखंडी टपात घालून रस्त्याने ओढत नव्या जागेत नेले. बहिणीने जुन्या इमारतीत, वडिलांच्या टोपणनावाने, ‘स्मिटीज मार्केट’ सुरू केलं. आज दोन्ही चालू आहेत. नाव एकाकडे, भट्टी दुसऱ्याकडे. त्याच वर्षी टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यू राजधानी जाहीर केलं.

कॅन्सस सिटी हा या सगळ्याचा संगम. रेल्वेचं जंक्शन आणि जनावरांचे प्रचंड बाजार, त्यामुळे इथे डुक्कर, गाय, कोंबडी काहीही चालतं. सॉस दाट, लाल आणि काकवीने गोड. बाटलीतला ‘बार्बेक्यू सॉस’ म्हणून जगभर, आपल्या सुपरमार्केटमध्येही जो मिळतो तो याच घराण्यातला. या शहराचं बार्बेक्यू सुरू केलं हेन्री पेरी या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याने. मेम्फिसजवळ जन्मलेले, बोटींवर स्वयंपाक करत फिरलेले पेरी १९०८ च्या सुमारास इथे एका गल्लीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मांस विकू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांकडून पुढे ‘आर्थर ब्रायंट्स’ उभं राहिलं. १९७२ मध्ये लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी ते जगातलं सर्वोत्तम हॉटेल असल्याचं लिहिलं आणि ब्रिस्केटच्या जळक्या कडांचे तुकडे, जे काउंटरवर फुकट ठेवलेले असत, ते देशभर गाजले. ‘बर्न्ट एंड्स’ नावाने आज त्यांनाच जास्त भाव आहे.

एकाच साली निघालेली दोन पुस्तकं

आता प्रवासात चांगलं खाणं शोधण्याकडे येऊ. इथे थोडं थांबायला हवं, कारण बार्बेक्यूवरचे बहुतेक व्हिडिओ हा भाग गाळतात.

गाड्या स्वस्त झाल्यावर अमेरिकन माणूस रस्त्यावर आला आणि अनोळखी गावात कुठे जेवावं हा प्रश्न पडला. केंटकीचे डंकन हाइन्स हे फिरतीवरचे विक्रेते. आवडलेल्या हॉटेलांची ते टिपणं ठेवत. १९३५ च्या ख्रिसमसला त्यांनी १६७ हॉटेलांची यादी छापून मित्रांना पाठवली. तिला इतकी मागणी आली की १९३६ मध्ये ‘ॲडव्हेंचर्स इन गुड ईटिंग’ हे पुस्तक निघालं. त्यांची शिफारस मिळालेली हॉटेलं दारावर तशी पाटी लावत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे केकच्या तयार पिठाच्या खोक्यावर ‘डंकन हाइन्स’ वाचलं असेल, तर ते हेच.

त्याच १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्युगो ग्रीन यांनीही एक मार्गदर्शिका काढली: ‘द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. तिच्यातला प्रश्न वेगळा होता. चांगलं जेवण कुठे मिळतं हा नव्हे, तर कृष्णवर्णीय माणसाला अपमान किंवा मारहाण न होता जेवण, खोली, पेट्रोल कुठे मिळतं हा. ही पुस्तिका १९६६ पर्यंत निघत राहिली.

बार्बेक्यूच्या संदर्भात हे विशेष बोचरं आहे. दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्रभर खड्ड्याशेजारी जागून अख्खी जनावरं भाजण्याचं काम प्रामुख्याने गुलाम कृष्णवर्णीयांनी केलं. ही कला त्यांच्या हातांनी घडवली. गुलामी संपल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी त्यावरच धंदे उभे केले. आणि तरीही गोऱ्यांच्या बार्बेक्यू हॉटेलात त्यांना बसून खायला मनाई होती.

अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचं हॉटेल होतं. ३६ कर्मचारी, त्यांतले दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. म्हणजे शिजवायला आणि वाढायला चालतील, गिऱ्हाईक म्हणून टेबलावर नाही. त्यांनी पार्सल घेऊन जायचं. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला, तेव्हा मालक कोर्टात गेले. आमचं हॉटेल स्थानिक आहे, गिऱ्हाईक स्थानिक आहे, केंद्र सरकारचा आमच्याशी संबंध काय, असा त्यांचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने हिशेब बघितला. हॉटेल वर्षाला सुमारे दीड लाख डॉलरचा किराणा आणि मांस घेत होतं, आणि त्यातलं ४६ टक्के मांस दुसऱ्या राज्यांतून येत होतं. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्यावर संसदेला कायदा करता येतो. डिसेंबर १९६४ मध्ये निकाल मालकाविरुद्ध लागला. देशभरातल्या हॉटेलांची दारं उघडण्याचा रस्ता एका बार्बेक्यू हॉटेलाच्या मांसाच्या बिलावरून गेला. पुढे १९६८ मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या ‘पिगी पार्क’ या हॉटेलांच्या मालकाने भेदभाव हा आपला धार्मिक अधिकार असल्याचा दावा करून पाहिला. न्यायालयाने तो फालतू म्हणून उडवून लावला.

त्यामुळे ‘सर्वोत्तम बार्बेक्यू’च्या याद्या वाचताना कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, हेही बघावं असं मला वाटतं. गेल्या काही वर्षांत चित्र थोडं बदललंय. साऊथ कॅरोलिनातल्या हेमिंग्वे गावात वडिलांच्या भट्टीवर वाढलेले रॉडनी स्कॉट यांना २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, आणि ‘शेफ्स टेबल’च्या बार्बेक्यू मालिकेत त्यांच्यावर एक भाग आहे.

चांगलं ठिकाण ओळखायचं कसं?

नकाशावरच्या ताऱ्यांवर जाऊ नका. हायवेवरच्या मोठ्या साखळी हॉटेलालाही साडेचार तारे असतात. त्यापेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो उघडा आणि लाकूड शोधा. इमारतीच्या मागे किंवा बाजूला फाट्यांची रास रचलेली दिसली, धुराड्यातून धूर दिसला, तर अर्धं काम झालं. गॅस किंवा विजेच्या भट्टीत काम सोपं होतं, रात्री जागावं लागत नाही, म्हणून पुष्कळ हॉटेलं तिकडे वळली. नॉर्थ कॅरोलिनात ‘कॅम्पेन फॉर रिअल बार्बेक्यू’ नावाची मोहीम केवळ लाकडावर शिजवणाऱ्यांना प्रमाणपत्र देते. टेक्सासमध्ये ‘टेक्सास मंथली’ या मासिकाची ५० सर्वोत्तम ठिकाणांची यादी लोक पंचांगासारखी मानतात. बार्बेक्यूसाठी या मासिकात पूर्ण वेळ संपादक आहे, यावरून काय ते समजा.

दुसरी खूण म्हणजे वेळ. जे ठिकाण ‘संपेपर्यंत’ असं लिहितं, तिथे जा. मांस बारा तास आधी चढवलेलं असतं, संपलं की पुन्हा करता येत नाही. म्हणून रात्री नऊला जाऊन ब्रिस्केट मागणं चूक. दुपारचं जेवण हीच बार्बेक्यूची खरी वेळ. ऑस्टिनच्या ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’बाहेर सकाळपासून खुर्च्या मांडून लोक बसतात. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथे गेले आणि रांग मोडून पुढे घुसले. भरपाई म्हणून रांगेतल्या लोकांचं बिल भरलं म्हणे, आणि ते तीनशे डॉलरच्या वर गेलं. तुमच्याकडे ती सोय नाही, तेव्हा लवकर जा.

तिसरी खूण मेन्यू. आपण कुठल्या राज्यात आहोत ते बघा आणि तिथलंच मागा. एकाच ठिकाणी टेक्सासचं ब्रिस्केट, मेम्फिसच्या बरगड्या आणि कॅरोलिनाचं डुक्कर मिळत असेल, तर बहुधा त्यातलं एकही मनापासून केलेलं नसतं. अपवाद असतात, कॅन्सस सिटी तर अख्खी अपवाद आहे. तिथलं एक सुप्रसिद्ध बार्बेक्यू हॉटेल पेट्रोल पंपाच्या इमारतीत आहे, त्यामुळे बाह्य रूपावर जाऊ नये हेही आलंच.

मांस वजनावर मिळतं. एक पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. दोघांत अर्धा पाउंड ब्रिस्केट आणि एक सॉसेज सुरुवातीला पुरे. नामांकित ठिकाणी ब्रिस्केटचा भाव पाउंडाला ३० डॉलरच्या आसपास जातो. महाग वाटेल, पण छाटणी आणि शिजणं यांत कच्च्या मांसाचं वजन जवळपास निम्म्यावर येतं, वर लाकूड आणि रात्रपाळी. काउंटरवर ‘लीन’ की ‘फॅटी’ विचारतील. फॅटी सांगा.

गोमांस किंवा डुक्कर खात नसाल तर

टेक्सासमध्ये धुरावरचा टर्की मागा. अनेक ठिकाणी तो अप्रतिम असतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. अलाबामात कोंबडी, ओवेन्सबरोत मटण. सॉसेज मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. आत गोमांस असलं तरी वरची आतडी बहुधा डुकराची असते. टेक्सासच्या मोठ्या शहरांत हलाल बार्बेक्यूची हॉटेलंही आहेत.

शाकाहारी मंडळींसाठी खरा सापळा तोंडीलावण्यांत आहे. राजमासारखे दिसणारे बीन्स घेतले तर त्यात बहुतेकदा मांसाचे तुकडे असतात. कोलार्ड नावाची पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर उकळलेली असते. मक्याच्या पावात डुकराची चरबी असू शकते, ‘स्कायलाइट इन’मध्ये ती असतेच. कोलस्लॉमध्ये मेयोनेज, म्हणजे अंडं. चीज घातलेला मॅकरोनी, बटाट्याचं सॅलड, लोणची आणि ब्रेड यांवर भागवता येतं, पण बटाट्यातही अंडं असतं बरेचदा. विचारलेलं कुणाला खटकत नाही.

आणि नकाशात पत्ता टाकताना राज्याचं नाव जरूर तपासा. नॉर्थ कॅरोलिनात एक लेक्सिंग्टन आहे, केंटकीत एक, आणि टेक्सासमध्येही एक. टेक्सासच्या लेक्सिंग्टनमध्ये ‘स्नोज’ आहे. ‘टेक्सास मंथली’ने दोनदा राज्यात पहिला क्रमांक दिलेलं हे ठिकाण फक्त शनिवारी, सकाळी आठला उघडतं. १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ यांनी तिथल्या भट्ट्या सांभाळल्या, आठवड्यातले बाकीचे दिवस शाळेच्या देखभालीचं काम करून. शनिवारी तिथे न्याहारीलाच ब्रिस्केट खातात, आणि दुपारी जेवायला गेलात तर बहुतेक वेळा रिकामी भट्टीच दिसेल.